हंसाचा कोपरा

बोईसरच्या मासळीबाजारात शिरलं की पहिला कोपरा हंसाचा. गिऱ्हाईक आत पाऊल टाकतं ते थेट तिच्या पाटीशी. मी तिच्या शेजारी, म्हणजे तिच्याकडून उरलेली माणसं माझ्याकडे. मासळी दोघींची एकाच बंदरावरची, तरी तिचे बोंबील लोकांना ताजे वाटायचे आणि माझे शिळे. माझा जळफळाट व्हायचा, आणि का होऊ नये?

बाईत तसं काही खास नाही. आवाज फाटका, चालणं फेंगडं. नवरा लवकर गेला, मग डोक्यावर पाटी घेऊन तिने एकुलत्या पोराला, दिपेशला वाढवलं, हे सगळा बाजार कौतुकाने सांगतो. मीही दोन पोरी अशाच वाढवल्या. त्याचं कोणी नाव काढत नाही.

गेल्या वर्षी दिपेशच्या रंगाच्या कारखान्यात संप झाला. कंत्राटी पोरांना काढून टाकलं म्हणून कायमची माणसंही बाहेर येऊन गेटसमोर बसली. हंसाने कोपऱ्यात पाटी उपडी घातली आणि मोठं पातेलं घेऊन गेटवर गेली. आमच्यात पाटी उपडी असली की जागा धरलेली. तिथे दुसरीने बसायचं नाही.

मग रोज तेच कानावर. हंसा संपकऱ्यांना सुकटीचं कालवण घालते, शेजारच्या कुंभवली गावच्या बायका घराघरातून तांदूळ आणतात, पोलीस पोरांना उठवायला आले तेव्हा ह्याच बायका पुढे बसल्या. इकडे तिची पाटी धूळ खात पडलेली. एका सकाळी मी ती उचलून भिंतीला लावली आणि कोपऱ्यात ऐसपैस बसले.

त्या दिवशी माझी भवानीसुद्धा झाली नाही. गिऱ्हाइकं बहुतेक कामगारांच्याच घरची. एकेक बाई यायची, भिंतीची पाटी बघायची, मला बघायची आणि पुढे जायची. एकीने तर विचारलंच, "ही हंसामावशीची जागा ना?"

माझं टाळकं फिरलं. भरलेली पाटी रिक्षात घातली, गेटवर गेले आणि हंसाच्या चुलीपुढे आदळली. "घे! तुझी गिऱ्हाइकं माझ्या माशाला हात लावत नाय. तूच खा!"

तिने मान वर केली नाही. "बरी आलीस, शालू. सुकट संपली हाय. काही पोरं तर उपाशीपोटी कामावर परत जायला निघाली हायत. बस, बोंबील साफ कर."

कोणीतरी विळी पुढे सरकवली. मी रागारागाने साफ केले, पण केले. कालवणही मीच ढवळलं. निघालेली पोरं वासाने परत फिरली, पोटभर जेवली आणि म्हणाली, "मावशी, काय चव हाय तुमच्या हाताला!"

म्हणाली हंसाला.

मी मग रोज जात राहिले. सगळं नाव तिला एकटीला कसं मिळू द्यायचं?

शेवटी मालक नमला, काढलेली पोरं आत गेली आणि हंसा बाजारात परतली. मी कोपऱ्यातच कंबर कसून बसले होते, आता ही चार बायकांत माझी लाज काढणार. तिने भिंतीची पाटी उचलली आणि माझ्या जुन्या जागेवर नेऊन मांडली.

"तूच बस कोपऱ्यात. पोरं त्या दिवशी तुझ्या बोंबलावर थांबली."

सगळ्या बायका तिच्याकडेच बघत राहिल्या. केवढं मन बाईचं! देणंसुद्धा तिलाच शोभतं, घेणारीकडे कोण बघतो?

आता कोपरा माझा आहे. गिऱ्हाईक आत येतं, पहिलं माझ्यापाशी थांबतं आणि विचारतं, "हंसामावशी कुठं बसते?"

मी शेजारी बोट दाखवते.