लातूरच्या कॉम्प्युटरपुरतं

माझे पती नांदेडच्या एका कॉलेजात शिकवत, मी लातूरला ग्रंथपाल. शनिवारी एसटीने ते यायचे किंवा मी जायची. निवृत्त झाल्यावर लातूरलाच राहायचं, असं ठरलं होतं.

एकदा सकाळी त्यांनी फोन करून घरच्या कॉम्प्युटरवर प्रोसेसरचं नाव काय दिसतं, ते वाचून दाखवायला सांगितलं. गॅसवर दूध होतं.

"तुमच्याकडे नवा आहे की. या जुन्याची चौकशी कशाला?"

"असू दे. वाच."

मी वाचलं. तोवर दूध उतू गेलं.

त्यांचं मराठी टायपिंग फक्त एका जुन्या प्रोग्राममध्ये चाले आणि तो नव्या कॉम्प्युटरवर चालत नसे. म्हणून त्यांनी नव्याच्या आत एक व्हर्च्युअल मशीन बसवली होती, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला दुसरा, जुन्या काळचा कॉम्प्युटर. ती ते कधी बंद करत नसत. आहे त्या जागी गोठवत आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे लिहीत.

ते अचानक गेल्यावर कॉलेजने आपला तो नवा कॉम्प्युटर परत मागितला. मागणी रास्तच होती. नुसता मजकूर काढून घेता आला असता. मला मात्र पडद्यावरची ती खिडकी त्यांनी गोठवून सोडली होती तशीच हवी होती.

धाकटे दीर लातूरला कॉम्प्युटर दुरुस्त करतात. नांदेडच्या खोलीत बसून त्यांनी मान हलवली.

"वैनी, अवघड हाय. आतली मशीन सुरू होतानाच बघून घेती, प्रोसेसरला काय काय येतंय. हितं सगळं दाखवलेलं असंल, तर तुमच्या लातूरच्या जुन्या डब्यावर ती उठायची न्हाई. तिला ठाऊक असलेलं तिथं सापडणारच न्हाई."

"मग आता त्यातलं जास्तीचं लपवता येणार नाही?"

"येतंय की. पण आधी बंद करून नव्यानं सुरू करावी लागंल."

बंद केली की ती खिडकी गेलीच. दिरांनी सेटिंग उघडलं आणि ते हसले.

"दादा बी लई चिक्कू! एवढी भारी मशीन, अन् निम्म्या सोयी झाकून ठेवल्यात. आतलीला वाटत असंल, आपण धा वर्सं जुन्या प्रोसेसरवर हाव."

"कोणत्या?"

त्यांनी नाव वाचलं. मी दुधाच्या पातेल्याजवळ उभी राहून वाचलं होतं, तेच नाव. मी तसं सांगितल्यावर ते हसायचे थांबले आणि सगळं एका डिस्कवर घेऊ लागले.

लातूरला ती मशीन उठली. हळूहळू, पण उठली. आपल्या आईच्या बोलण्यातल्या कानडी शब्दांवर माझे पती लिहीत होते. शेवटची ओळ अशी होती: "हा शब्द आईला कुणी शिकवला, ते". त्यापुढे कर्सर लुकलुकत होता.

"आता सेव्ह तरी करा, वैनी."

मी सेव्ह केलं. वाक्य पुरं केलं नाही.

खालच्या कोपऱ्यातल्या घड्याळात त्यांनी शेवटचं लिहिलं त्या संध्याकाळची वेळ होती. ते तिथूनच पुढे चालू लागलं.

"टाइम चुकलाय. लावून देऊ का?"

"असू द्या," मी म्हटलं.