लायसनवरचं कुंकू

माझ्या एकटीच्या नावावर एकच कागद आहे, आणि तो बंदुकीचा. सातबाऱ्यावर आम्ही सगळे भाऊबंद एकत्र, घर अजून सासऱ्यांच्या नावावर, रेशनकार्डावर सासूबाई कुटुंबप्रमुख. पण पीकसंरक्षणाच्या एकनळी बंदुकीचं लायसन उघडलं की पहिल्या पानावर मी. नवरा गेल्यावर ते माझ्या नावावर करून घ्यायला दोन वर्षं अलिबागच्या खेपा घातल्या. तिथे एका साहेबांनी विचारलं होतं, "बाई, तुम्ही चालवणार बंदूक?" मी म्हटलं, "डुकरं काय बाईमाणूस बघून मागे फिरतात?" त्यांनी वर बघितलं आणि पुढचा कागद मागितला.

आमचं गाव रोहा तालुक्यात, डोंगराच्या कडेला. पावसाळ्यात भात, हिवाळ्यात वाल, आणि बारा महिने डुकरं. मी आजवर एकही डुक्कर मारलेलं नाही, खोटं कशाला सांगू. हवेत बार काढते, कळप पळतो, दोन दिवस शांतता. तेवढ्यासाठी ती बंदूक. तरी ती खांद्याला लावून बांधावरून चालत गेले की आळीतले बापे जरा सरकून वाट देतात, आणि मला ते आवडतं.

त्या वर्षी बंदुकीचा घोडा ढिला झाला म्हणून नवरात्राच्या आधी ती पेणला दुरुस्तीला दिली. दसरा झाला, निवडणूक लागली, आणि पोलीस पाटील नोटीस घेऊन दारात आले. आचारसंहितेत सगळ्यांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या असतात. भात पिवळं पडलंय, डुकरं टपून बसलीत, नेमकी तेव्हाच बंदूक जमा करा. पण सांगणार कोणाला? अमुक तारखेला संध्याकाळी पाचच्या आत रोह्याला जमा केली नाही तर गुन्हा, आणि लायसन रद्द करायचा रिपोर्ट. पेणचा दुरुस्तीवाला मात्र रोज फोनवर "उद्या देतो" म्हणायचा. त्याचा उद्या उजाडला तो शेवटच्या दिवशी.

भाऊजींची रिक्षा आहे. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, शेजारच्या घरात राहतात. माणूस सोन्यासारखा, पण बोलायला लागला की थांबत नाही आणि पोलीस दिसला की दुप्पट बोलतो. सकाळी त्यांच्या रिक्षातून आम्ही पेणला गेलो. पेटीतलं लायसन मी आदल्या दिवशीच पिशवीत टाकलं होतं, प्लॅस्टिकच्या पाकिटासकट. दुरुस्तीवाल्याने बंदुकीचा नंबर असलेलं पान बघितलं, वहीत लिहिलं, मला सही करायला लावली. नळी आणि दस्ता वेगळे करून कापडी पिशवीत घालून दिले. काडतूस एकही बरोबर नव्हतं. दीड वाजून गेला होता. मी भाऊजींना जेवू दिलं नाही, वडापाव हातात दिला आणि म्हटलं, गाडी काढा.

नागोठण्याच्या अलीकडे रस्त्याला बॅरिकेड लावून निवडणुकीची नाकाबंदी होती. कापडी मांडव, एक टेबल, चार पोलीस, टेबलाशी लिहीत बसलेली एक महिला पोलीस, आणि खांद्यावर कॅमेरा घेतलेला एक व्हिडिओवाला. रिक्षा थांबली. कोणी काही विचारायच्या आत भाऊजी म्हणाले, "सायेब, बंदूक हाय, पण आपलीच हाय."

मी त्यांच्या पाठीत बोट खुपसलं, पण तोंडातून गेलं ते गेलं. चारही पोलीस रिक्षाभोवती आले. व्हिडिओवाला धावत आला आणि कॅमेरा माझ्या मांडीवरच्या पिशवीवर धरला.

"पिशवी खाली ठेवा. हात दिसू द्या. उतरा," फौजदार म्हणाले. तरुण होते, तिशीच्या आतबाहेर. आवाज चढवला नाही, पण एक हात कमरेला गेला होता. मी उतरले. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी मला घाबरून बघत होतं, आणि त्याच्यापेक्षा मीच जास्त घाबरले होते.

"बंदूक माझी आहे. लायसन आहे. रोह्याला जमा करायला चालले आहे, पाचच्या आत," मी एका दमात सांगितलं.

"दाखवा लायसन."

मी पाकीट काढून दिलं. त्यांनी पहिलं पान उघडलं आणि बघतच राहिले. मग पान माझ्याकडे वळवलं.

फोटोच्या जागी लाल चिखल होता. कपाळापासून हनुवटीपर्यंत लाल आणि पिवळं, मध्ये दोन तांदळाचे दाणे चिकटलेले. खाली पदराची निळी कड तेवढी ओळखू येत होती. बाकी बाई कोण, बाप्या कोण, काही कळायला मार्ग नव्हता.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी कोयता, विळा, नांगराचा फाळ, पाटा, सगळं धुऊन मांडतात आणि हळदकुंकू लावतात. पाटावर मधली जागा बंदुकीची. यंदा बंदूक पेणला होती. मी चुलीपाशी पुऱ्या तळत होते, आणि पूजा सासूबाई करत होत्या. बंदूक नाही म्हणून म्हातारीने लायसनाची पूजा केली होती. वर ओलं कुंकू तसंच पाकिटात सरकवून पेटी लावली होती. पाकीट दाबलं गेलं आणि कुंकू तोंडभर पसरलं. त्या क्षणी सासूबाई समोर असत्या तर मी काय बोलले असते ते इथे लिहिता येणार नाही.

"हा फोटो मुद्दाम खराब केलाय," फौजदार म्हणाले.

"नाही साहेब, पूजा केली. सासूने."

"लायसनाची पूजा?"

"बंदूक घरात नव्हती ना."

ते हसले नाहीत. मागचा एक हवालदार हसला, त्याच्याकडे त्यांनी नुसतं बघितलं. मग मला नीट समजावून सांगितलं, आणि ते समजावणं ओरडण्यापेक्षा वाईट होतं. निवडणुकीच्या दिवसांत एकाचं लायसन आणि दुसऱ्याच्या हातात हत्यार असे प्रकार होतात. मी फोटोतलीच बाई आहे हे पटलं नाही तर बंदूक ते इथेच ताब्यात घेणार, गुन्हा नोंद होणार, आणि लायसनाचा रिपोर्ट अलिबागला जाणार. पुढे ते परत मिळणं मुश्कील.

घड्याळात पावणेतीन झाले होते. मी मनात हिशेब केला. इथून रोहा गाठायला तास धरला तरी पाचच्या आत पोचायला हवं, आणि मी तर इथे खांबासारखी उभी.

त्यांनी रोह्याच्या ठाण्यात फोन लावला. नंबर जुळला, नाव जुळलं. "नाव जुळतंय," ते फोन ठेवून म्हणाले, "पण समोर उभी आहे ती तीच बाई, हे कोण सांगणार?"

"मी सांगतो ना," भाऊजी म्हणाले. "माझी वैनी हाय. माझ्या सख्ख्या भावाची बायको. लग्नात मी करवला व्हतो, त्या दिवशी माझा बूट—"

"भाऊजी," मी म्हटलं.

"घरच्या माणसाचं चालत नाही," फौजदार म्हणाले. "आधार दाखवा."

आधार होतं. ते काढून देताना मला जरा धीर आला, पण त्यांनी कार्ड बघितलं, मला बघितलं, परत कार्ड बघितलं. तो फोटो आमचे हे होते तेव्हाचा. गाल भरलेले, गळ्यात मंगळसूत्र, कपाळावर रुपयाएवढी टिकली. आधारवर कोणीच स्वतःसारखं दिसत नाही म्हणतात, पण मी खरंच ती राहिले नव्हते. आठ वर्षांत अंगावरचं मांस गेलं होतं. गळा मोकळा, कपाळ मोकळं.

"ही तुमची बहीण आहे का?" त्यांनी विचारलं.

त्यांनी ते मुद्दाम लागेल असं विचारलं नव्हतं. पण मला इतकं लागलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचा राग आला. कॅमेरा चालूच होता. मी म्हटलं, "मीच आहे ती. तेव्हाची."

मांडवातली ती महिला पोलीस पंचविशीची असेल. इतका वेळ ती गाड्यांचे नंबर लिहीत होती. ती उठून आली, माझ्या खांद्यावरून आधार बघितलं आणि म्हणाली, "साहेब, टिकलीमुळे फरक पडतोय. मावशींना टिकली लावून बघू या ना."

तिने मोबाईलच्या पाठीमागे चिकटवलेली स्वतःची टिकली काढली आणि बोटावर धरून माझ्यासमोर उभी राहिली. लाल, मोठी. मग तिच्या लक्षात आलं असावं. तिचं बोट मागे गेलं.

"वैनी, नको," भाऊजी हळूच म्हणाले. "आपन दुसरं काय तरी बगू."

दुसरं काय बघणार होतो? आठ वर्षं मी हळदीकुंकवाला कोणाच्या दारात गेले नव्हते. कोणी बोलवलंच नव्हतं, तर जाणार कुठे. शेजारच्या लग्नात मंडपाच्या मागच्या खुर्चीवर बसले. हा नियम कोणी लिहून दिलेला नव्हता, आपल्या आपण पाळला होता. आणि आता महामार्गावर, चार पोलिसांसमोर, कॅमेऱ्यासमोर, दिरासमोर, मी मीच आहे हे पटवायला मला टिकली लावायची होती. लाज वाटली. लाजेच्या वर संताप आला. कोणाचा ते मला अजून नीट सांगता येत नाही.

"लाव," मी त्या पोरीला म्हटलं.

तिने माझ्याच पदराच्या टोकाने माझ्या कपाळावरचा घाम टिपला आणि टिकली लावली. अंगठ्याने हलकेच दाबली. किती वर्षांनी तिथे कोणाचा हात लागला होता. मी मान सरळ केली आणि फौजदारांकडे बघितलं, आधारवाली जशी बघते तशी.

त्यांनी कार्ड माझ्या चेहऱ्याजवळ धरलं. बराच वेळ बघितलं.

"हां," ते म्हणाले. मग जरा थांबून, "उजव्या भुवईवरची खूण पण जुळतेय." ती खूण विळा लागल्याची, लहानपणची. आधी ती त्यांना दिसली नव्हती, कारण आधी ते मला बघतच नव्हते, कपाळाकडे बघत होते.

पुढची लिखापढी दहा मिनिटांत झाली. फौजदारांनी रोह्याला परत फोन करून बाई येत आहेत असं कळवलं, बंदुकीची पिशवी स्वतः उचलून रिक्षात ठेवली आणि म्हणाले, "राग मानू नका ताई." मी मानला होता, तरी नाही म्हटलं. महिला पोलीस टिकली परत मागेल असं मला उगाच वाटलं. तिने हात हलवला आणि पुढच्या गाडीकडे गेली.

रोह्याच्या वाटेवर भाऊजी एक शब्द बोलले नाहीत. हे पहिल्यांदाच घडत होतं. कोळशाच्या ट्रकामागे अर्धा तास अडकलो आणि मी सारखी घड्याळ बघत होते, तेव्हाही ते बोलले नाहीत. मी टिकली काढली नाही. ठाण्यात परत तोंड जुळवायची वेळ आली तर काय करायचं?

पाचला दहा कमी असताना आम्ही ठाण्याच्या पायऱ्या चढलो. हवालदारांनी नळी मोजली, दस्ता बघितला, चिठ्ठी बांधली आणि पावती दिली. लायसनाचं पहिलं पान बघून त्यांनी चष्मा वर केला. "हे असं चालणार नाही. दुसरा फोटो लावून घ्यावा लागेल. अर्ज करा, दोन फोटो आणा, पासपोर्ट साइजचे."

समोरच स्टुडिओ होता. म्हटलं, एवढ्यासाठी परत कशाला खेप. स्टुडिओवाल्याने मला स्टुलावर बसवलं, हनुवटी सरळ केली, आणि विचारलं, "काकू, टिकली अशीच ठेवायची?" सवयीने विचारलं असेल, जरा वाकडी झाली होती म्हणूनही असेल.

"सरळ कर आणि काढ फोटो," मी म्हटलं.

घरी पोचले तेव्हा सासूबाई पडवीत विळी घेऊन नारळ खवत बसल्या होत्या. नव्वदीला टेकलेली बाई, स्वतःचं कपाळ चाळीस वर्षं मोकळं. मी पिशवी आदळली, लायसन काढलं, पान उघडून त्यांच्या नाकासमोर धरलं आणि रस्ताभर साठवलेलं सगळं एकदम बाहेर काढलं. गुन्हा नोंद होत होता, बंदूक जात होती, मला चोरासारखं उभं केलं, तुमच्या पूजेपायी. "पुस्तकाला कुंकू लावायचं तर वर पुठ्ठ्याला लावायचं. माझ्या तोंडाला कशाला फासलंत?"

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. नारळाची कवड बाजूला ठेवली.

"तोंडाला नाय गो," त्या म्हणाल्या. "मी कपालालाच लावलं. बोटभर. ते पसरलं तं मी काय करू?"

"पण कपाळाला तरी कशाला?"

"तुला लावायला माझा हात नाय गेला कदी. लोक काय बोलतील म्हनून. फोटूला कोन बोलतंय?"

मी लायसन मिटलं. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि तेव्हा त्यांचं लक्ष वर गेलं. त्यांची नजर अधू आहे. त्यांनी मला खूण करून खाली वाकायला लावलं, खोबऱ्याचा हात पदराला पुसला आणि टिकलीवर बोट ठेवलं.

"ही कुनी लावली?"

"पोलिसांनी," मी म्हटलं.

"बरं केलं त्यांनी," त्या म्हणाल्या, आणि परत नारळ खवायला लागल्या.