माझी कोंबडी आणि सासऱ्यांचं जाळं

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी राहून परत निघाले, तेव्हा आईने मला एक कोंबडी दिली. दिघीहून आगरदांड्याला येणाऱ्या होडीत मी तिला मांडीवर धरून बसले होते. सासरी भांडी सासूची, होडी सासऱ्यांची, आणि नवरा तर दर्याचाच. माझं म्हणावं असं त्या घरात हे एकच पाखरू होतं. त्याला हात लावील त्याची गाठ माझ्याशी होती.

दिवाळीनंतर ती खुडूक बसली, पिल्लं निघाली आणि घारी सुरू झाल्या. आमच्या अंगणात बोंबील वाळत असायचे. घार यायची बोंबलांसाठी आणि न्यायची माझी पिल्लं! मी दगड उचलला की सासरे ओटीवरून ओरडत, "ए सूनबाय, मारू नको तिला! दर्यात मासली कुठं हाय, ती घारच दाखवते."

घारीने मासळी दाखवायची आणि मजुरी माझ्या पिल्लांतून घ्यायची, हा कुठला न्याय? मी तसं बोललेही. सासूने मला कोपराने ढोसलं. सासरे म्हणाले, "उरलेली पिल्लं गेली का कोंबडी कापायची. रोजची कटकट नको."

तीन पिल्लं उरली होती. मी एखादं जुनं जाळं मागितलं. तेव्हा नायलॉन आमच्याकडे आलं नव्हतं. जाळी सुताची, सासरे स्वतः विणत, नारळी पुनवेला जाळ्यांची पूजा होई. दर्यावर गेलेलं जाळं, मग त्याच्या चिंध्या का होईनात, कोंबड्यांवर घालायचं नाही, हा घराचा नेम. एरवी मी सगळे नेम पाळत होते. हा पाळणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी पुरुष बंदरावर गेले, तशी मी दुरुस्तीला काढलेलं जाळं ओढलं आणि अंगणाच्या कोपऱ्यात बांबूंवर ताणून बांधलं. सासू "अगो, काय करतेस?" म्हणत मागे मागे फिरत राहिली, पण बांधलेलं जाळं सोडलं मात्र तिनेही नाही.

ऊन चढल्यावर घार आली आणि जाळ्यात अडकली. खाली कोंबडी पंख फुलवून पिल्लांवर बसलेली, बाहेर मी काठी घेऊन उभी. तेवढ्यात सासरे आले. त्यांनी कमरेची सुरी काढली आणि ज्या जाळ्याला मला बोट लावू देत नव्हते, ते घारीसाठी कापलं. चोच लागून त्यांचा हात रक्ताळला, तरी "जा बाय, जा" असंच म्हणत होते. मला बघून मात्र ओरडले, "सोड ते सगलं! कोंबडी आजच कापायची."

मी काठी घेऊन त्यांच्या आणि कोंबडीच्या मधे उभी राहिले.

"मामा, तिनं रगत काढलं तरी तिच्यासाठी जाळं फाडलंत. माझी कोंबडी तर गुमान अंडी देते. कापायची तर आधी मला घराबाहेर काढा."

मी त्यांच्यासमोरच लुगड्याची पट्टी फाडली आणि ते भोक बांधून टाकलं.

जाळं तिथेच राहिलं. वर घारी घिरट्या घालायच्या, ओटीवर सासरे येरझाऱ्या घालायचे. खाली यायची हिंमत दोघांनाही झाली नाही.