धुतलेलं कडं

"बिअर खमीर करतं. माणसानं नुसतं मधे यायचं नाही."

आयलिव हे उठता-बसता म्हणायचा. खमीर म्हणजे अर्थात त्याच्या घरचं. वॉस खोऱ्यातल्या त्या डोंगरउतारावर घरोघरी बिअर होई, पण आयलिवच्या लेखी इतरांची ती जवाची पेज. ओढ्यापलीकडच्या मोन्सची तर तीही नाही. "मोन्सचं खमीर कुत्र्याला आंघोळ घालायच्या लायकीचं," असं तो एकदा चर्चच्या दारात, भर माणसांत म्हणाला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

त्याची सून सिन्नेवा बर्गन शहरातली. रविवारी तिच्या मुलीचा बाप्तिस्मा होता. बाप्तिस्म्याची बिअर नासली तर ते घर मरेपर्यंत लोकांच्या तोंडी राहतं, हे सासूनं, येर्त्रुदनं, तिला सांगून ठेवलं होतं. म्हणून सिन्नेवा स्वतःच म्हणाली, "बाबा, यंदा मला शिकवा."

मग पहाटेपासून दोघं मागच्या शेडमध्ये चुलीपाशी. जुनिपरच्या सुवासिक झुडपाच्या फांद्या पाण्यात उकळल्या, ते पाणी मोड आणून भाजलेल्या जवावर ओतलं, निथळलेला गोड काढा पुन्हा आटत ठेवला. धुरानं डोळे चुरचुरत होते, आणि तरी त्या वासानं जीव सुखावत होता. सिन्नेवा हे शिकली ते बहुतेक "हात लावू नकोस" ऐकतच.

दुपार कलली. पिंपातला काढा धारोष्ण दुधाइतका निवला. आयलिवनं त्यात बोट बुडवलं, मान डोलावली.

"आण कडं."

आढ्याच्या खुंटीवर एक कोरीव लाकडी कडं असे. दर खेपेला ते खमिरात बुडवून वाळवत. पुढच्या बिअरचा जीव त्यातच. सिन्नेवानं ते आणलं, आणि आयलिव बघतच राहिला. कडं लोण्यासारखं पांढरं झालं होतं.

"नक्षी किती सुरेख आहे, बाबा," ती म्हणाली. "जुन्या घाणीखाली दिसतच नव्हती. उकळतं पाणी घेतलं, ब्रशनं घासून काढली."

आयलिवनं कडं नाकाशी नेलं. "गुलाबाचा वास येतोय."

"साबण चांगला आहे."

"ती घाण म्हणजे खमीर होतं, पोरी. माझ्या पणजोबाचं."

तिच्या तोंडचं पाणी पळालं. "दुकानातून आणू?"

"दुकानातलं खमीर? त्यापेक्षा पाहुण्यांना ताक पाजीन."

"मग सकाळपर्यंत हा काढा नासून जाईल," दारातून येर्त्रुद म्हणाली. "मोन्सकडे जा."

"मरेन, पण मोन्सच्या दारात जाणार नाही."

"त्याचं खमीर आपलंच आहे."

आयलिवनं वळून पाहिलं.

"त्याचं कोठार कड्यासकट जळालं त्या साली त्याची आई रडत आली होती. तू बाजाराला गेला होतास. मी कड्यावरचं थोडं खरवडून दिलं."

"म्हणजे चर्चच्या दारात मी..."

"स्वतःच्याच खमिराला शिव्या दिल्यास. मोन्सला ठाऊक होतं. कुणाला सांगणार नाही असा आईला शब्द दिला होता, म्हणून बिचारा गप्प बसला."

मग आयलिवनं टोपी घातली, फळीवरची झाकणाची बरणी काखेत मारली.

"मागायला जात नाही मी," तो म्हणाला. "परत आणायला जातोय."

"आधी दार वाजव," येर्त्रुद म्हणाली. "आणि आधी माफी माग. मग परत आण."

दारात तो सुनेकडे वळला. "खमीर पडताना सगळ्यांनी आरोळी ठोकायची असते, नाहीतर बिअर मवाळ होते. घसा साफ करून ठेव. साबण नको."

तो ओढा ओलांडून पलीकडच्या चढाला लागला. आधी झपझप, मग हळू, मोन्सचं फाटक जवळ येईल तसा आणखी हळू. फाटकाशी थांबला आणि त्यानं मागे वळून पाहिलं.

शेडच्या दारातून बघणाऱ्या सिन्नेवा आणि येर्त्रुद दोघी झटकन पिंपावर वाकल्या, जणू ढवळण्यावाचून जगात त्यांना दुसरं कामच नव्हतं. सिन्नेवानं हळूच मान वर केली तेव्हा फाटक उघडं होतं, आणि काखेतली बरणी दोन्ही हातांत धरून आयलिव आत चालला होता.