अण्णाचा व्हिडिओ

अण्णा गेल्याची बातमी मला कुणी सांगितली नाही, दाखवली. गुलबर्ग्याच्या आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत डबा उघडत होते, तर शेजारच्या बाईंनी मोबाईल पुढं केला. "मॅडम, मन्नाएखेळ्ळी गाव तुमच्या बीदरकडंच ना? बघा की, कसला अपघात झालाय!" रस्त्यावर आडवी पडलेली मोटारसायकल दिसली, हँडलला अडकवलेली खाकी पिशवी दिसली, आणि मी मोबाईल उलटा ठेवला. ती पिशवी मीच शिवून दिली होती. त्या बिचाऱ्या बाईंना काय माहीत... वहिनीचा फोन त्यानंतर आला. म्हणजे आमच्या घराला कळायच्या आधी अख्ख्या तालुक्यानं माझा भाऊ मरताना बघितला होता.

गौतम अण्णा माझा थोरला भाऊ. बीदरमध्ये एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीतून तो बातम्यांचं चॅनल चालवायचा. चॅनल म्हणजे काय, एक मोबाईल, एक माईक आणि अण्णाचा घसा. मराठी, कन्नड, दखनी, समोरचा जे बोलेल ते हा बोलणार. हट्ट मात्र एकच. मेलेला माणूस दाखवायचा नाही आणि मार खाणारा दाखवायचा नाही. अपघाताच्या जागी पोचला की आधी गर्दीत घुसायचा आणि शूटिंग करणाऱ्याच्या कॅमेऱ्यापुढं सरळ आपला पंजा धरायचा. "बंद कर बाबा, त्याच्या घरी अजून कळलं न्हाई." त्यापायी शिव्या खाल्ल्या, एकदा तर कानाखालीही खाल्ली, पण सवय गेली नाही. बीदरजवळच्या कोळारच्या एका कारखान्यात कामगार यंत्रात सापडून मेला, तेव्हा बाकीच्यांनी रक्त दाखवलं. अण्णानं त्याचं नाव-गाव सांगितलं आणि त्या यंत्राला जाळी का नव्हती एवढंच विचारलं. बघणारे मूठभर. त्याचा भागीदार रमेश वैतागला. "अण्णा, रगत दाखवल्याबिगर कोण बघायलंय हो?" अण्णा म्हणाला, "मग नको बघू दे." रमेश सोडून गेला, स्वतःचं काढलं, ते आता जोरात चालतं. चालायचंच.

आमचं खरं भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवरून. आमच्याच समाजातल्या एका तरण्याताठ्या माणसाला चारचौघांत उभा करून मारलं, आणि मारणाऱ्यांनीच त्याचा व्हिडिओ काढून गावभर मिरवला. तो व्हिडिओ अण्णाकडं आला. मी फोनवर अक्षरशः ओरडले, "दाखव की! आपल्यावर काय बेतायलंय ते जगाला कळू दे. झाकून कुणाचं भलं झालंय?" तो शांतपणे म्हणाला, "जगाला कळंल, शीला. पण त्याच्या मायनं ते रोज बघावं का?" मग तो व्हिडिओ घेऊन पोलीस ठाण्यात गेला आणि गुन्हा नोंदवून घेईपर्यंत तिथल्या बाकावरून हलला नाही. चॅनलवर मारणाऱ्यांची नावं घेतली, मार दाखवला नाही. लोक म्हणाले, गौतम विकला गेला. परके नाही, आपलीच माणसं म्हणाली. मला तर अजूनही वाटतं, दाखवायला पाहिजे होतं. यावर आमचं कधी जुळलं नाही, आणि आता भांडायला तोच नाही.

अण्णाच्या पुण्यानुमोदनाला घर भरून माणसं आली. भंतेजींची वंदना चालू होती आणि मी मेली एकेकाचे डोळे बघत बसले होते. व्हिडिओ कुणी बघितलाय, कुणी नाही, ते लगेच कळत होतं. बघितलेला माणूस नजर चुकवतो. एक पाहुणे तर हळहळत म्हणाले, "शेवटी हात वर केला हो त्यांनी, पाणी मागत असतील." पाणी कसलं डोंबलाचं! समोर मोबाईल धरून माणूस उभा होता. अण्णा काय मागत होता, ते मला न बघताच कळलं.

तिथून पुढं मी दुसरं काही केलंच नाही. घरोघर गेले. चहा घेतला, त्यांचं हळहळणं ऐकलं आणि उठताना म्हटलं, "तेवढा व्हिडिओ पुसा." बऱ्याच जणांनी पुसला. काहींनी "आमच्याकडं न्हाईच की" म्हणून तोंडावर खोटं सांगितलं. रमेशनं आपल्या चॅनलवरून काढला, पण तोवर तो कुठल्या कुठं पोचला होता. एका गावात पुसावा, तर दुसऱ्या गावातून परत येतो. थकले मी, खरंच थकले. मला एवढंच पाहिजे होतं, की मायच्या नजरेला तो पडू नये. तिच्याकडं अण्णाचाच जुना मोबाईल आहे, भीमगीतं ऐकायला दिलेला. पहिल्याच दिवशी मी त्याचं नेट बंद केलं आणि शेजारणींना बजावून ठेवलं.

गेल्या आठवड्यात गुलबर्ग्याला परत निघताना मायची गोळी द्यायला आत गेले. ती भिंतीकडं तोंड करून बसली होती, मोबाईल डोळ्यांजवळ धरून. आवाज बंद.

"माय! कुणी दिलं तुला हे?"

"मीच मागून घेतलं शेजारच्या सुमनकडून. तिच्या मोबाईलातून टाकून दिलं तिनं. तिला बोलू नको."

"आण इकडं. पुसते."

मायनं मोबाईल पदराखाली घेतला. "कामून पुसायलीस? दुनियेनं बघितलं, मीच बघू नको व्हय?"

"अगं पण बघवतं कसं तुला?"

"समदं कुठं बघते मी..." तिनं मोबाईल पुन्हा बाहेर काढला आणि काचेवर सुरकुतलेलं बोट टेकवलं. "हितवर बघते. हितवर त्याची छाती हलायलीय. हितवर हाय तो. मग बंद करते."

साऱ्या गावाला शहाणपण शिकवून आले होते, आणि मायपुढं केलेला हात मी मागं घेतला. अण्णा असता तर त्यानंही इथं पंजा धरला नसता. मायनंच मोबाईल माझ्या हातात दिला. "बघ गं, वरी लाल दिसायलंय. बंद पडंल का?"

बॅटरी संपत आली होती. मी चार्जर शोधला आणि मोबाईल चार्जिंगला लावला.