लुगड्याखालचं यंत्र

जगातली निम्मी गुपितं मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत, आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये आहेत, असं तुमच्या आजोबांचे मावसभाऊ, म्हणजे माझे भावोजी, अगदी मनापासून मानायचे. भावोजी भात झोडायची छोटी यंत्रं बनवतात. दाराशी कोणी आलं, मग तो पोस्टमन का असेना, की ते आधी यंत्रावर बायकोचं जुनं लुगडं टाकत आणि मगच ‘या’ म्हणत. आकृत्या पिठाच्या डब्यात असत. मोजमापं कामगारांना तोंडी सांगत, तीही प्रत्येकाला अर्धीच. शेजारच्या शेडवाल्याने एकदा सहज विचारलं, ड्रम केवढा घेता? भावोजी म्हणाले, “गोल घेतो.”

गेल्या दिवाळीत मी शहापूरहून फराळ घेऊन गेले, तो नेमका परीक्षेचा दिवस निघाला. चार वाजता एक व्यापारी यंत्र बघायला येणार होता. आधीचे दोघे नाही म्हणून गेले होते. हाही गेला तर शेडला कुलूप आणि आठ माणसं घरी. सकाळपासून यंत्र तीनदा अडकलं होतं. दर वेळी भावोजी लुगड्याखाली हात घालून, अडलेल्या म्हशीला सोडवावं तसा पेंढा ओढून काढत. शेजारी मदतीला आला, त्याला त्यांनी दारातूनच परत पाठवलं. चौथ्यांदा यंत्र अडकलं तेव्हा साडेतीन वाजले होते. माझ्या हातातला चिवड्याचा डबा मी तसाच धरून उभी होते.

शेड झाडणाऱ्या बाई डोळखांबच्या वरच्या पाड्यातल्या, जन्मभर भात झोडलेल्या. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला.

“शेठ, लुगडं काढा. नाय बघितलं तर कसं कळंल?”

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि स्वतःच्या हाताने लुगडं ओढलं. बाई वाकून बघत राहिल्या.

“आमचं भात उंच. पेंढा ह्या फिरत्या दांड्याला गुंडाळतो. दांडा झाका, यंत्र नको.”

दांडा झाकायला पाइपचा तुकडा हवा होता, आणि पाइप शेजाऱ्याकडे. भावोजी धावत गेले. त्याने माप विचारलं. पूर्ण माप त्यांनी परक्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच सांगितलं, तेही ओरडून. शेजाऱ्याने पाइप कापला आणि स्वतः येऊन बसवला. शेवटचा बोल्ट आवळतानाच व्यापारी दारात उभा राहिला. पहिली पेंढी गेली, दुसरी गेली. दहाव्या पेंढीपर्यंत मी श्वास घेतल्याचं मला आठवत नाही. यंत्र चालत राहिलं, आणि व्यापाऱ्याने सगळ्या हंगामाची मागणी नोंदवली.

आता नवीन यंत्राआधी त्या बाईंना विचारलं जातं. मोजमापं भिंतीवर खडूने लिहिलेली आहेत, लुगडं धुऊन कपाटात गेलं, आणि दार दिवसभर सताड उघडं असतं. परवा भावोजींचा फोन आला होता.

“वहिनी, सगळं उघडं ठेवलंय. अजून कोणी चोरायला आलं नाय.”

ते हसले, पण फोन लगेच ठेवला नाही.

सुट्टीत याल तेव्हा माझं एक काम करा. वही-पेन्सिल घेऊन मुरबाडला जा, आणि त्यांच्यादेखत भिंतीवरची थोडी मापं उतरवून घ्या.