भिंतीवर टाचे मारण्याआधी

आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, नाताळचा गोठा मांडायचं काम माझं. सासरी बोईसरला आले तेव्हापासूनचं. मला कोणी शिकवलं नाही. शाळा चौथीपर्यंत, वाचायला खरी शिकले ती गायनाच्या पुस्तकावरून, आणि गोठा शिकले कॅलेंडरवरची चित्रं बघून. थर्माकोलचे डोंगर, कापसाचं बर्फ, आरशाचं तळं, तळ्यात प्लास्टिकची बदकं. आपल्याकडे डिसेंबरात पंखा लावून बसतो आपण, पण बेथलेहेमात बर्फ पडलंच पाहिजे असं मला वाटायचं. लोक यायचे, फोटो काढायचे, “मावशी, या वर्षी बदकं वाढली वाटतं,” म्हणायचे. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

मग दोन वर्षांपूर्वी फादर मला म्हणाले, “मावशी, या वर्षी तुम्ही आराम करा.”

आराम! मी काय आजारी होते? बेटेगावच्या पुढच्या पाड्यावरून एक शिक्षिका मिस्साला, रविवारच्या प्रार्थनेला, यायची, पंचविशीतली. ती गोठ्यामागची अख्खी भिंत शेणानं सारवून, गेरू लावून, तांदळाच्या पिठानं आपल्या वारली पद्धतीत येशूजन्म काढणार होती. फादरांनी सांगितलं, “आपल्या लोकांना वाटलं पाहिजे, देव आपल्या पाड्यावर जन्मला.”

मी हसून “छान” म्हटलं. आणि घरी जाऊन भाकरी करपवली.

आता एक गोष्ट सांगते, जी मी बोईसरात कोणाला सांगितली नव्हती. माझं माहेर सफाळ्याच्या आतलं, कुडाच्या घराचं. आम्हीही वारलीच. माझी आय लग्नघराच्या भिंतीवर लग्नाचा चौक लिहायची. आमच्यात चित्र काढत नाहीत, लिहितात. सवाशिणी बसायच्या भिंतीपुढे, आणि आयेची रेघ त्या सगळ्यांत सरळ. पुढे आमचा बाप्तिस्मा झाला आणि तिनं लिहिणं सोडलं. कोणी सोड म्हटलं नव्हतं. म्हणाली, नव्या देवालाच नको असं लिवलेलं. मीही मग ते माहेर कापसाखाली झाकून टाकलं. आणि आता ही कालची पोर तेच घेऊन थेट वेदीजवळ जाणार, आणि फादर तिचं कौतुक करणार. माझ्या आयेच्या हाताचं कौतुक कोणी केलं होतं?

पोरीनं कामाला सुरुवात केली त्या दिवशी मी फुलदाण्या पुसायच्या निमित्तानं गेले. ती शेण कालवत होती. भिंतीकडे बघितलं आणि मला कळलं. त्या भिंतीला ऑइलपेंट. गुळगुळीत, थाळीसारखी. तिच्यावर शेण टिकायचं नाही. आधी कोयत्यानं टाचे, बारीक खाचा, मारून भिंत खरखरीत करावी लागते, मगच शेणमाती धरते. कुडाच्या घरात वाढलेल्या बाईला हे सांगावं लागत नाही. पण ही हॉस्टेलात वाढलेली, कागदावर आणि कापडावर लिहायला शिकलेली.

“मावशी, बराबर हाय ना?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, “मला काय कळतं त्यातलं?”

बस्स. एवढंच बोलले आणि फुलदाणी पुसत राहिले.

आठ दिवस ती लिहीत होती. आणि काय लिहीत होती! ताडाखाली झोपडी, झोपडीत मारिया, बाहेर तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती नाचणारे. मेंढपाळांऐवजी बकऱ्या राखणारे. समुद्राच्या बाजूनं होडी घेऊन आलेले तीन राजे. पाड्यावरची माणसं, जी वर्षात एकदा यायची, ती रोज येऊन मागच्या बाकावर बसू लागली. म्हाताऱ्या बाया बोटं दाखवून एकमेकींना सांगायच्या. एक तर गुणगुणायलाही लागली.

दांडी गावची कोळीण माझ्या दारात टोपली उतरवून म्हणाली, “काय गो बाय, तुमच्या देवलात आमची होडी लिवली हाय म्हनं! बघाला येव काय?”

“ये की.”

“इतकी वरसं तू बोलावला नाय कदी?”

“तेव्हा होडी नव्हती,” मी म्हटलं, आणि बोंबील मोजून न घेताच दार लावलं.

नाताळला पाच दिवस असताना भिंतीचे पोपडे निघायला लागले. आधी राजांची होडी सुटली, मग नाचणारे. भाजलेल्या पापडासारखं सारवण खाली पडायला लागलं. फादर डोक्याला हात लावून उभे. कोणीतरी माझ्या घरी येऊन म्हणालं, “मावशी, काढा तुमचं थर्माकोल.”

मी देवळात गेले ती मनातल्या मनात बदकं मोजतच. पोरगी जमिनीवर उकिडवी बसली होती. पडलेले तुकडे सुपात गोळा करत होती, आणि हातानं जुळवून बघत होती, मारियाचा हात कुठला, बाळाचं डोकं कुठलं. मला बघून म्हणाली, “माजंच काय तरी चुकलं, मावशी. देवालाच नको होतं असं लिवलेलं.”

माझी आय हेच म्हणाली होती. हेच शब्द.

मी मागे वळले, फादरांच्या बागेतला कोयता घेऊन आले आणि भिंतीवर टाचे मारायला लागले. ती बघतच राहिली.

“भिंतीला आधी असं करायचं असतं,” मी म्हटलं. “नाहीतर शेण धरत नाही.”

“तुमाला म्हायत होतं?”

“होतं.”

“पयल्या दिवशी?”

“पहिल्या दिवशी.”

तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं. ती उठली, शेणाची बादली माझ्या पायाशी आपटली आणि म्हणाली, “मग आता तुमीच सारवा.”

मी सारवलं, आणि सारवता सारवता आयेच्या चौकाचं, कुडाच्या घराचं तिला सांगितलं. हात दुखून आले. तीन दिवसांत तिनं परत सगळं लिहिलं, पहिल्यापेक्षा दाट. माझ्याशी मात्र कामापुरतंच बोलली.

नाताळच्या मिस्सानंतर फादरांनी तिला पुढे बोलावलं. देऊळ भरलेलं, दारापर्यंत माणसं. मी खाली मान घालून बसले होते, आणि तरीही, सांगायला लाज वाटते, माझे आभार मानतात का इकडे माझा कान होता. मानले नाहीत. मग ती पोर माईकवर म्हणाली, “भिंत मावशींनी धरून ठेवली. लहानपणापासून येतं त्यांना.”

लोक वळून माझ्याकडे बघायला लागले. टाळ्या झाल्या. खरं काय ते त्या देवळात आम्हा दोघींनाच ठाऊक होतं, आणि तिनं ते झाकलं होतं. तोवर मला तिच्या रेघेचा हेवा होता. त्या घटकेला तिच्या काळजाचाही वाटला, आणि तो अजून गेलेला नाही.